मावशीला सांगितलेला पिक्चर

बायकोला हे ठाऊक नाही. विलासला नाही. आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. लिहायला बसलो की मी उठतो — पाणी पितो, दोरीवरचे कपडे काढून आणतो, नको त्या माणसाला फोन करायचं आठवतं. आत्ताही एकदा उठून आलो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, मीही तुमच्या नाही, तेव्हा तुमच्याशी बोलणं जमेल असं वाटतंय. बघू या.

सुरुवात माझ्या आवाजापासून करावी लागेल. बढाई वाटेल, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा आवाज चांगला आहे. रत्नागिरीत निरोपसमारंभ असो, गणपतीतला कार्यक्रम असो, सूत्रसंचालनाला मला बोलावतात. इंग्रजी शिकवतो मी कॉलेजात. पोरांना माझं इंग्रजी किती कळतं कोण जाणे, पण तास ऐकायला येतात. शब्द कुठे जड टाकायचा, कुठे थांबायचं, हे मला न शिकता येतं. या गोष्टीचा मला अभिमान होता. होता — असं लिहितोय खरा. तो पूर्ण गेलाय का? माहीत नाही.

विलास माझा मित्र. एसटी स्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता; लग्नाचे अल्बम आणि पासपोर्टचे फोटो यांवर पोट, आणि जीव सगळा जुन्या सिनेमात. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, म्हणजे रिळांच्या पेट्या आता गाडीने थेट येऊ शकत होत्या. तेवढ्या बळावर त्याने फिल्म क्लब काढला. गावातल्या जुन्या थिएटरचा मालक त्याच्या ओळखीचा. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळचा खेळ त्याने क्लबला दिला. विलासला राजकीय सिनेमे आवडायचे. म्हणजे भाषणांचे नव्हेत — माणसांवर सत्ता कशी चालते ते दाखवणारे, परदेशातले, काळे-पांढरे, आपल्या जन्माआधीचे.

पहिल्या खेळाला मध्यंतरानंतर अर्धं थिएटर रिकामं. भाषा परकी, खालच्या पट्ट्या इंग्रजीत. लोक काय करणार? विलास हिरमुसला, आणि मग त्यालाच सुचलं. आपल्याकडे श्रावणात देवळात पोथी लावतात तेव्हा एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. बायाबापड्या वाचणाऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांचे कान अर्थ सांगणाऱ्याकडे. विलास म्हणाला, “दत्ता, पिक्चर चालू दे आपला. तू बाजूला बसून अर्थ सांग.”

पडद्याच्या डाव्या अंगाला एक टेबल, लाल कागद गुंडाळलेला दिवा, माइक आणि मी. पात्रं बोलायला लागली की वरचा ऑपरेटर आवाज खाली घ्यायचा आणि मी मराठीत सांगायचो. एकटाच सगळ्यांची कामं करायचो — म्हातारा, पोर, पोलीस, आई. लोकांना आवडलं. इतकं आवडलं की कुठला सिनेमा आहे हे न विचारता लोक ‘दत्ता सरांचा पिक्चर’ बघायला यायला लागले. एक डॉक्टर मला म्हणाले, मला इंग्रजी येतं हो, पण मी पट्ट्या वाचतच नाही, तुमचंच ऐकतो.

हे सगळं मी लांबवतोय. कळतंय मला.

मावशीबद्दल सांगतो. आईची थोरली बहीण, कमळमावशी. आमच्या गावात हायस्कूल नव्हतं म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिच्याकडे राहिलो. किनाऱ्यावरची वाडी, नाव लिहीत नाही. काका बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा यायचे. मावशीला अक्षरओळख नाही. काकांची पत्रं आली की तिला आणि शेजारपाजारच्या दोघीचौघींनाही मी वाचून दाखवायचो. बाजारात मासळी विकायला बसणारी बाई ती. तिच्या तोंडाला भलेभले लागत नसत. एकदा एक गिऱ्हाईक सुरमईला नावं ठेवत होतं तर म्हणाली, “भाऊ, ती मेली म्हणून गप हाय, मी जिती हाय.” अख्खा बाजार हसला. पण मी पत्र वाचायला लागलो की ही बाई पदर डोक्यावर घेऊन, हात जोडल्यासारखे मांडीत ठेवून ऐकायची. मी चुकेन, मी काही गाळेन, असं तिच्या मनात कधी आलं नसेल. का यावं?

तर त्या वाडीच्या किनाऱ्यावर एका कंपनीची जेट्टी होणार होती. होड्या लावायची जागा जाणार, मासळी सुकवायचं मैदान जाणार. जनसुनावणी लागली होती — वाडीतल्या शाळेच्या आवारात साहेब येणार, लोकांच्या हरकती ऐकणार. विलासचं वाडीत जाणंयेणं माझ्यामुळेच झालेलं, पण या प्रकरणात तो माझ्यापेक्षा जास्त गुंतला. त्याने लोकांना समजावलं, की त्या दिवशी बोला. नाही बोललात तर तुमचं काही म्हणणं नाही असंच समजतील. लोक माना हलवायचे. पण साहेबासमोर उभं राहून बोलणार कोण? सगळ्यांनी ठरवलं — कमळ. दुसरं कोण? मावशीनेही पदर खोचला होता. “चार गोष्टी अशा सुनवीन,” म्हणाली, “की साहेब मासळी खायचा बंद होईल.”

आणि विलासने सुनावणीच्या आधीच्या रविवारी लावायला एक सिनेमा शोधून आणला. लांबच्या कुठल्या देशातला. समुद्रकाठचं एक गाव, सगळे मिठागरात राबणारे. एक दिवस सरकारचा माणूस येतो आणि चौकात सगळ्यांना गोळा करून सांगतो की ही जमीन आता एका कंपनीला हवी आहे. कुणाची हरकत आहे का? कॅमेरा एकेका तोंडावरून फिरतो. कुणी खाली बघतंय, कुणी शेजाऱ्याकडे. कुणीच बोलत नाही. माणूस टोपी घालतो आणि जातो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ते गाव तिथून कसं उठवलं जातं त्याची गोष्ट. शेवटी बैलगाड्या निघतात, आणि गाडीत मागे बसलेली एक म्हातारी सरळ आपल्याकडे बघून बोलते. तीन-चार वाक्यं. “आम्हाला कुणी मारलं नाही. आम्हाला कुणी लुबाडलं नाही. त्याने विचारलं, आणि आम्ही गप्प बसलो. तेवढं त्यांना पुरलं.”

शनिवारी दुपारी रिकाम्या थिएटरात विलासने आणि मी तो पाहिला. विलासचे डोळे भरून आले. म्हणाला, हे वाडीने बघितलं ना, काम झालं. दोन टेम्पो करून आणतो सगळ्यांना.

मला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. मिठागरं म्हणजे पडदाभर पांढरं. आणि पट्ट्यांची अक्षरंही पांढरी. पांढऱ्यावर पांढरं — काहीच वाचता येत नव्हतं. मी अगदी पुढच्या रांगेत जाऊन, मान वर करून, अक्षरांच्या कडा शोधत विलासला मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कुठे दोघांना अर्थ लागला. म्हणजे उद्या थिएटरात ज्यांना इंग्रजी येतं त्यांनाही कळणार होतं ते मी सांगेन तेच. विलास वर ऑपरेटरच्या खोलीत असायचा, जुनं मशीन, रीळ बदलताना तिथे कुणीतरी लागायचंच. मशीनच्या आवाजात त्याला खालचं काही ऐकू येत नसे.

हे सगळं त्याच दुपारी माझ्या लक्षात आलं होतं. का आलं? दुसऱ्या कुठल्या सिनेमाच्या वेळी मी असा विचार केला नव्हता.

त्याचं कारण असं, की दोन दिवस आधी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं होतं. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होतो. बरीच वर्षं. तिशी सरत आली होती, एक मुलगी होती, आणि कायम जागेची मुलाखत तोंडावर होती. अध्यक्षांचे त्या जेट्टीच्या कामात ट्रक लागणार होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांनी चहा मागवला. मुलीचं विचारलं. मग म्हणाले, “तुम्ही पिक्चर सांगता म्हणे. ऐकलं मी. फार छान सांगता म्हणतात. लोक भोळे असतात हो सर, ऐकतात तुमचं. जरा सांभाळून.” बस. धमकी नाही, अट नाही. मुलाखतीचा उल्लेखसुद्धा नाही. त्यांनी मला अमुक सांगा, तमुक सांगू नका, असं एका शब्दाने म्हटलं नाही. मी पुष्कळ वेळा ते सगळं बोलणं आठवून पाहिलंय, त्यांच्यावर काही टाकता येतं का म्हणून. येत नाही. जे केलं ते मी न मागता केलं.

आणि ते आयत्या वेळी झालं, जीभ घसरली, असंही मी स्वतःला सांगत आलोय. तेही खरं नाही. शनिवारी संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना, मारुती मंदिराच्या चढावर, मी ती वाक्यं तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होतो. कुठला शब्द नीट बसतो ते बघत होतो.

रविवारी थिएटर भरलं. वाडीची माणसं पुढच्या रांगांत, अंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून आलेली. बायका बिचकत खुर्च्यांत बसल्या. मावशी तिसऱ्या रांगेत, कडेला, माझ्या बाजूला. दिवे जाताना तिने शेजारणीला सांगितलेलं मला ऐकू आलं. “माज्या बहिणीचा हाय. माज्याकडंच शिकला.”

पहिला अर्धा भाग मी जसाच्या तसा सांगितला. नीट, जीव लावून. चौकातला प्रसंग आला. सरकारी माणूस विचारतो, कुणाची हरकत? तोंडं दिसायला लागली आणि थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. तिथे बोलायचं काहीच नव्हतं, पडद्यावर सगळे गप्प होते. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, “लोक शहाणे होते. त्यांनी विचार केला, भांडण्यात अर्थ नाही.”

असं कुणी म्हटलं नव्हतं. तिथे पट्टीच नव्हती.

एकदा ते केल्यावर पुढचं सोपं गेलं. फार सोपं गेलं — हे लिहायला लाज वाटते. मिठागरावरचा एक म्हातारा मुलाला ओरडतो, तू का नाही बोललास, म्हणून. मी त्याला म्हणायला लावलं, उगाच रागावू नको, डोकं शांत ठेव. घरं पाडायचा प्रसंग होता. मी म्हटलं, जुनी घरं उतरवताहेत, नवीन मिळणार आहेत. बाया रडत होत्या. जुनं घर सोडताना डोळ्यांत पाणी यायचंच, म्हटलं. चित्र तेच, माणसं तीच, रडणं तेच. मी नुसता अर्थ सांगत होतो.

बैलगाड्या निघाल्या. आणि इथे मी जे केलं ते मला सगळ्यात वाईट वाटतं, त्याहून मोठं पुढे घडलं तरी. मी म्हणालो, “नव्या वस्तीकडे निघालेत. तिथे घरोघरी पाण्याचे नळ आहेत.”

सिनेमात नळ नव्हते. कुठेच नव्हते. पण मावशीच्या वाडीत होती ती एकच विहीर, वरच्या अंगाला, आणि उन्हाळ्यात तिथून दोन हंडे घेऊन उतरताना तिचे गुडघे कसे बोलायचे ते मी सहा वर्षं ऐकलं होतं. तिला काय हवंसं वाटेल हे त्या थिएटरात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? ते मी तिच्याकडूनच शिकलो होतो, आणि तिच्यावरच वापरलं.

मग ती म्हातारी. “आम्हाला कुणी मारलं नाही,” मी म्हणालो. “आम्हाला कुणी लुबाडलं नाही.” इथे मी थांबलो, मला थांबता येतं. “आम्ही शांत राहिलो, म्हणून निभावलं.”

दिवे लागले. टाळ्या पडल्या. एक निवृत्त वकील, पुढच्या बाजूला बसायचे नेहमी, जाताना माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “मोकळं भाषांतर केलंत हो आज.” हसले आणि गेले. त्यांना कडा दिसल्या असतील का? दिसल्या असतील तर ते कुणाजवळ बोलले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर मावशीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. सगळ्यांसमोर. “काय सांगितलंस रे! ती म्हातारी माज्याशीच बोलत होती बघ.” विलास वरून खाली आला, घामेजलेला, आनंदात. त्याला वाटलं, काम झालं.

सुनावणीला मी गेलो नाही. तास होते, असं सांगितलं. होतेच — पण बदलून घेता आले असते. संध्याकाळी विलास वाडीतून थेट घरी आला. मग त्याने सांगितलं. साहेबांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? सगळे मावशीकडे बघायला लागले. मावशी उठली नाही. दोघं तरणे मुलगे मागून उठायला लागले तर तिने हात करून त्यांना खाली बसवलं. म्हणाली, “बसा रे. त्या मिठवाल्यांनी डोकं शांत ठेवलं, त्यांचं बरं झालं ना? भांडलो तर काय देणार हायत आपल्याला?” साहेब पाच मिनिटं थांबले, चहा घेतला आणि गेले.

“मला कळत नाही,” विलास म्हणाला. “मी हाच पिक्चर का आणला होता? त्यांना उलटंच कसं कळलं?” आणि मग माझ्याकडे बघून — संशयाने नव्हे, खरंच न कळून — त्याने विचारलं, “दत्ता, शेवटी तू नक्की काय सांगितलंस?”

“जे होतं तेच,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्याला माझं खरं वाटलं. क्लब त्यानंतर दोनदा भरला आणि बंद पडला. सिनेमाने काही होत नाही, असं तो म्हणायला लागला. जो माणूस दुसरं काहीच म्हणत नसे तो. पुढे डिजिटल आलं, स्टुडिओही गेला. आता तो पुण्याला मुलाकडे असतो. अधूनमधून फोन करतो.

मी कायम झालो. त्या मुलाखतीला माझ्याइतका शिकलेला दुसरा कुणी नव्हता, तेव्हा कदाचित मी तसाही झालो असतो. हेही मी पुष्कळदा मोजून पाहिलंय. आणि मावशी उठून बोलली असती तर जेट्टी थांबली असती का? बहुतेक नाही. अशा गोष्टी चार वाक्यांनी थांबत नाहीत. पण तिची चार वाक्यं तिच्याजवळ राहिली असती. ती मी काढून घेतली. त्याचा हिशोब जेट्टीशी लागत नाही.

जेट्टी झाली. होड्या लावायला जागा उरली नाही, सुकवायचं मैदान ट्रकांच्या वळणात गेलं. नवी घरं कुणाला मिळाली नाहीत, कारण राहती घरं गेलीच नव्हती — गेली ती रोजी. लोकांना राग कुणावर काढायचा कळेना. कंपनी लांब, साहेब बदलून गेलेले. जवळ होती ती कमळ, जिने पोरांना खाली बसवलं होतं.

तिला ‘पिक्चरवाली’ म्हणायला लागले. आधी वाडीत, मग बाजारात. मी एकदा मासळी घ्यायला गेलो होतो, तिच्या लक्षात यायच्या आधी मी मागे उभा होतो. शेजारची बाई मोठ्याने म्हणाली, “काय गो पिक्चरवाली, आज कुठला पिक्चर? नळाचं पाणी आलं का घरात?” बाकीच्या हसल्या. मी वाट बघितली. ही आता उलटून असं काही बोलेल की त्या बाईला टोपली उचलून पळावं लागेल. मावशीने पाटीवरच्या बांगड्यांवर पाणी मारलं, आणि मारतच राहिली.

मी मासळी न घेता परतलो. बायकोला सांगितलं, बाजारात आज काही बरं नव्हतं.

मग तिने बाजारात बसणं सोडलं. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, लोट्याला केमिकलच्या कारखान्यात लागला होता, शिफ्टमध्ये. तो तिला घेऊन गेला. रस्त्याच्या आतल्या बाजूला दोन खोल्या, समोर कंपनीच्या बसगाड्या वळायच्या. समुद्र नाही, वास निराळाच. मी तिथे तीनदा गेलो असेन — इतक्या वर्षांमध्ये तीनदा. शेवटच्या खेपेला ती फार उतरली होती. भाऊ दुसऱ्या पाळीला गेलेला, सून दुकानात. आम्ही दोघंच. तिने चहा केला, बशीत ओतून दिला, लहानपणी द्यायची तसा. आणि आपल्या हाताकडे बघत म्हणाली, “दत्तू, माज्यामुळं गेलं रे सगळं.”

मी म्हणालो, “काय बोलतेस मावशी.”

“नाय नाय. खरं तेच. मलाच उठायला सांगितलं होतं सगळ्यांनी. मी नाय उठले, आणि ज्यांना उठायचं होतं त्यांनाबी बसवलं. बायजाचा पोरगा आता मुंबईला हमाली करतो. त्याला मी खाली बसवला होता, या हातानं.” मग माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाली — मला वाईट वाटू नये म्हणून, तुम्हाला कळतंय ना — “तुजं नाय हां त्यात काय. तू बरोबरच सांगितलंस. पिक्चरातली गोष्ट पिक्चरातली. अडाण्याला अर्थ लागत नाय, त्याला सांगणारा काय करील?”

खोलीत आम्ही दोघंच होतो, हे मी लिहिलं आहे. दार लोटलेलं होतं. मला घाई नव्हती, गाडी संध्याकाळची होती. ती रागावली असती तरी काय झालं असतं? मारलं असतं? मारायला हवंच होतं. नोकरी पक्की होती, अध्यक्ष तर केव्हाच वारले होते. मला कसलीही भीती उरलेली नव्हती. मी बशी तोंडाला लावली, आणि म्हणालो, “जाऊ दे, मावशी. जुनं झालं ते.”

तिने मान हलवली. विलासने हलवली होती तशीच.

सहा-सात महिन्यांनी ती गेली. शेवटचं वाडीत आणलं. वाडीतून फार माणसं आली नाहीत. जी आली ती माझ्या अंगावरच्या कपड्यांकडे बघून बाजूला सरून उभी राहिली, सर आले म्हणून. दिवसकार्याला कुणीतरी म्हणालं, बाई मनानं चांगली होती, पण वाडीचं नुकसान करून गेली. बोलणारा बायजाचा पोरगाच होता. मुंबईहून आला होता. वाईट हेतूने बोलला नाही. दुसऱ्याने दुजोरा दिला. मी तिथेच होतो, पत्रावळीसमोर बसलेला. ऐकलं.

मावशीने वाडीचं नुकसान केलं नाही. तिने लोकांना तेच सांगितलं जे मी तिला सांगितलं होतं. तिला अर्थ बरोबर लागला होता. मीच तो खोटा दिला होता, ठरवून, घोकून, तिला पटेल असा करून.

हे वाडीत जाऊन सांगायचं होतं. वाडी इथून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. बायजाचा पोरगा गणपतीला येतो, घर मला माहीत आहे. मी ते तिथे सांगितलं नाही, इथे छापायला दिलं आहे. वाडीत हे कुणाच्या हातात पडणार नाही, पडलं तरी कुणी वाचणार नाही. हे मला पहिली ओळ लिहितानाच माहीत होतं. म्हणून तर लिहून झालं.